आधी पाडायचं की आधी परवानगी?

वाचकाचं पत्र

ताई, सप्रेम नमस्कार.

आम्ही नवरा-बायको बरीच वर्षं बर्मिंगहॅमला राहिलो. गेल्या वर्षी हेरफर्डशरमध्ये, लेमस्टरच्या उत्तरेला, दोन एकर जागेसकट एक जुनं फार्महाऊस घेतलं. विटांचं, दुमजली, शंभर-सव्वाशे वर्षांचं. नऊ मीटर रुंद, सहा मीटर खोल. मागे कुणीतरी १९७० च्या सुमारास तीन बाय चार मीटरचं, उतरत्या छपराचं स्वयंपाकघर जोडलंय. वरच्या खोल्यांमध्ये यांचं डोकं तुळईला लागतं, भिंतींना ओल आहे, हिवाळ्यात घर तापता तापत नाही. साताऱ्याहून सासू-सासरे येऊन राहतात, सासूबाईंना गुडघ्यांमुळे जिना चढवत नाही.

म्हणून हे घर पाडून तीनशे चौरस मीटरचं नवं बांधायचं ठरवलंय. तेही मागच्या शेतात, जरा उंचावर, म्हणजे दरीचा देखावा दिसेल. बिल्डर म्हणतो, ‘आधी पाडून टाका, रिकाम्या जागेवर परवानगी पटकन मिळते.’ तो पुढच्या महिन्यात छप्पर उतरवायला तयार आहे. हिवाळाभर आम्ही बर्मिंगहॅमला भाड्यानं राहू. शेजारचे शेतकरी म्हणतात, कौन्सिल पन्नास टक्क्यांच्या वर वाढू देत नाही. सासरे म्हणतात, जमीन आपली, घर आपलं, विचारायचं कशाला? नक्की काय करावं?

– एक वाचक, हेरफर्डशर

ताईंचं उत्तर

नमस्कार. तुमच्या पत्रात चार प्रश्न आहेत, पण एकाचं उत्तर आजच पोचायला हवं, म्हणून ते आधी. घराला हात लावू नका. छप्पर उतरवू नका, मागचं स्वयंपाकघर पाडू नका, हिवाळ्यासाठी घर रिकामंही करू नका. बिल्डरला फोन करून पुढच्या महिन्याचं काम थांबवायला सांगा, आणि तेच ईमेलनंही कळवा.

तुमच्याकडे आज जो हक्क आहे तो त्या दोन एकरांत नाही, त्या उभ्या, नांदत्या घरात आहे. इंग्लंडमध्ये गावाच्या आखलेल्या हद्दीबाहेर, मोकळ्या शेतशिवारात, नव्या घराला सहसा परवानगी मिळत नाही. राष्ट्रीय धोरणाच्या, म्हणजे नॅशनल प्लॅनिंग पॉलिसी फ्रेमवर्कच्या, डिसेंबर २०२४ च्या आवृत्तीत परिच्छेद ८४ आहे. त्यात एकाकी घरांना परवानगी कधी द्यायची याचे मोजके अपवाद आहेत: शेतावर राहणं ज्याला भागच आहे असा कामगार, वापरात नसलेल्या इमारतीचा पुनर्वापर, वारसा वाचवणारा प्रकल्प, असलेल्या घराचे दोन भाग करणं, किंवा असामान्य दर्जाचं वास्तुशिल्प. यातलं एकही तुम्हाला लागू पडत नाही. तुमच्यासाठी दार आहे ते हेरफर्डशरच्या स्थानिक आराखड्यात, २०१५ साली मंजूर झालेल्या कोअर स्ट्रॅटेजीतल्या आरए ३ या धोरणात. कायदेशीर वापरात असलेल्या राहत्या घराच्या जागी दुसरं घर बांधता येतं, असं ते म्हणतं. ‘राहतं घर असलं तर’ ही त्यातली पहिली अट.

घर पाडलंत की ती अट गेली. एकदा इमारत जमीनदोस्त झाली की तिच्याबरोबर तिचा निवासी वापरही संपतो, आणि तुमचा अर्ज ‘जुन्याच्या जागी नवं’ राहत नाही, ‘मोकळ्या रानात नवं घर’ होतो. रिकाम्या जागेवर परवानगी पटकन मिळते हे शहरातल्या प्लॉटबद्दल कदाचित खरं असेल. तुमच्या जागेवर ते नेमकं उलट आहे. शिवाय राहतं घर पाडण्याआधी कौन्सिलला रीतसर कळवून त्यांच्या उत्तरासाठी २८ दिवस थांबावं लागतं, हेही तुमच्या बिल्डरनं सांगितलेलं दिसत नाही.

नुसतं छप्पर उतरवणंही तितकंच घातक. हिवाळ्यात छपराविना विटांची भिंत पाणी पिते, गोठते, फुगते आणि एखाद्या वादळी रात्री आत कोसळते. घर ‘सोडून दिलेलं’ आहे का, हे ठरवताना इंग्लंडमधली न्यायालयं चार गोष्टी बघतात: इमारतीची अवस्था, किती काळ वापर नाही, मधल्या काळात दुसरा काही वापर झाला का, आणि मालकाचा इरादा काय होता. एका हिवाळ्यात घर ‘सोडून दिलेलं’ ठरणार नाही, पण बिनछपराचं, रिकामं घर आणि भाड्याचा दुसरा पत्ता हा पुरावा तुम्ही स्वतःच्या हातानं स्वतःविरुद्ध का गोळा करावा? राहा तिथेच. कौन्सिल टॅक्स, विजेची बिलं, मुलांच्या शाळेचा पत्ता, डॉक्टरांकडची नोंद, सगळं त्याच घराच्या नावावर असू द्या. घराचे आतून-बाहेरून तारखेसकट फोटो काढून ठेवा. घरावर मॉर्गेज असेल तर आणखी एक: ते घर बँकेचं तारण आहे, त्यांना न विचारता पाडणं म्हणजे कर्जाचा करार मोडणं. विमा कंपनीलाही कळवावं लागेल.

आता सासऱ्यांचा प्रश्न. तो रास्त आहे, आणि त्याला ‘इथे असंच असतं’ एवढंच उत्तर देऊन चालणार नाही. १९४७ च्या टाउन अँड कंट्री प्लॅनिंग कायद्यानं या देशात एक मोठी गोष्ट केली. जमिनीची मालकी मालकाकडेच ठेवली, पण तिच्यावर नवं बांधण्याचा हक्क मालकीतून वेगळा काढून सार्वजनिक निर्णयाच्या हाती दिला. हा कायदा १ जुलै १९४८ पासून अमलात आला. लंडनपासून निघून तासाभरात जे हिरवं, मोकळं शिवार दिसतं ते असं टिकण्यात या कायद्याचा मोठा वाटा आहे. तुम्हाला ज्या दरीचा देखावा हवाय, ती दरीही त्यामुळेच मोकळी आहे. मला हा कायदा मनापासून पटतो, आणि म्हणूनच त्याच्या चौकटीत राहून घर मिळवायचं कसं, हे तुम्हाला नीट सांगावंसं वाटतं.

न विचारता बांधलं तर काय, याचं ठळक उदाहरण सरे परगण्यात सॅलफर्ड्सजवळ आहे. एका शेतकऱ्यानं गवताच्या गठ्ठ्यांच्या उंच भिंतीआड, वर निळी ताडपत्री घालून, किल्ल्यासारखं घर बांधलं आणि चार वर्षं त्यात लपून राहिला. चार वर्षांनी कौन्सिलला कारवाई करता येत नाही, असा त्या वेळचा नियम होता. २००६ साली त्यानं गठ्ठे हटवले. प्रकरण हायकोर्टापर्यंत गेलं, आणि २०१६ साली ते घर त्यालाच पाडावं लागलं. चार वर्षांचा तो नियमही आता उरलेला नाही. २५ एप्रिल २०२४ पासून इंग्लंडमध्ये ती मुदत सरसकट दहा वर्षांची झाली आहे.

शेजारच्या शेतकऱ्यांचे पन्नास टक्के. ते खोटं सांगत नाहीत; काही कौन्सिलांच्या धोरणात असे आकडे असतात. न्यू फॉरेस्ट नॅशनल पार्कमध्ये, उदाहरणार्थ, गावांच्या हद्दीबाहेरच्या घराच्या वाढीला ३० टक्क्यांची मर्यादा आहे. ग्रीन बेल्टमध्ये, म्हणजे शहरांभोवती मोकळ्या राखलेल्या पट्ट्यात, तर राष्ट्रीय धोरणच सांगतं की नवी इमारत त्याच वापराची हवी आणि जुनीपेक्षा लक्षणीयरीत्या मोठी नको. ‘लक्षणीय’ म्हणजे किती, याचा आकडा मात्र तिथेही दिलेला नाही. तुमच्या आरए ३ मध्येही टक्केवारी नाही. नवं घर जुन्या घराशी आकारानं आणि प्रमाणानं ‘तुल्य’ असावं आणि जुन्या घराच्या कायदेशीर आवारातच असावं, एवढंच ते म्हणतं. त्या ‘तुल्य’ शब्दाचा अर्थ तुमच्या फाइलवर बसलेला अधिकारी लावणार आहे. तेव्हा त्याच्यापुढे काय जाणार, हे तुम्हाला आधी बघायला हवं.

ही फाइल तुम्हीही वाचू शकता. कौन्सिलच्या संकेतस्थळावर ‘रिप्लेसमेंट ड्वेलिंग’ असं टाकून तुमच्या आसपासचे गेल्या काही वर्षांतले अर्ज शोधा. प्रत्येकाच्या कागदपत्रांत ऑफिसरचा अहवाल असतो. तो उघडलात की बहुतेक वेळा जुन्या आणि नव्या घराची तुलना समोरच दिसते: मजल्यांचं क्षेत्रफळ, घनफळ, इमारतीनं व्यापलेली जमीन, कौलारू छपराच्या आढ्याची उंची. खाली दोन-चार परिच्छेदांत हे तुल्य का वाटलं किंवा का वाटलं नाही. मंजूर आणि नामंजूर, दोन्ही प्रकारचे अहवाल एका संध्याकाळी बसून वाचा. तुमच्या गावाचा नेबरहूड प्लॅन, म्हणजे गावानं स्वतः केलेला विकास आराखडा, असेल तर तोही काढा, कारण तो मंजूर झालेला असेल तर कौन्सिलच्या स्थानिक आराखड्याचाच भाग धरला जातो. सल्लागाराला पैसे देण्याआधी हे फुकटचं काम करण्यासारखं आहे. आपल्या कौन्सिलचा हात किती सैल आहे ते त्यातून कळतं.

आता तुमच्याच घराचा हिशेब मांडते. ही मापं बाहेरून घेतात. नऊ बाय सहा, म्हणजे ५४. दोन मजले मिळून १०८ चौरस मीटर. मागचं स्वयंपाकघर १२. झाले १२०. तुम्ही मागताय ३००, म्हणजे अडीचपट. स्पष्टच सांगते, मोकळ्या शिवारात हे ‘तुल्य’ म्हणून कुणीही गळी उतरवू शकणार नाही. अडीचपट घरासाठी चांगला आर्किटेक्ट आणि जाडजूड अहवाल आणून पैसे खर्च करू नका.

पण १२० वरच अडकायची गरज नाही. इथे उपयोगी पडतो तो ‘फॉलबॅक’, म्हणजे परवानगीशिवाय तुम्हाला आजही काय बांधता येतं त्याचा हिशेब. परमिटेड डेव्हलपमेंटच्या नियमांनुसार स्वतंत्र घराला मागच्या बाजूला एकमजली चार मीटरपर्यंत वाढ करता येते. कौन्सिलमार्फत शेजाऱ्यांना कळवून, ४२ दिवसांच्या प्रक्रियेनंतर, आठ मीटरपर्यंत. बाजूला एकमजली, मूळ घराच्या निम्म्या रुंदीची. मूळ घर म्हणजे १ जुलै १९४८ रोजी होतं ते, त्यानंतर जोडलेलं सगळं वाढीत धरतात. म्हणून तुमचं १९७० चं स्वयंपाकघर ‘मूळ’ नाही; ते पाडून त्या जागी नवी वाढ दाखवावी लागेल. मागे आठ मीटर खोल आणि पूर्ण नऊ मीटर रुंद म्हणजे ७२. बाजूला साडेचार बाय सहा म्हणजे २७. १०८, ७२ आणि २७ मिळून २०७. मागची आणि बाजूची वाढ एकमेकींना जोडू नका, जोडली तर दोन्हींची मिळून रुंदी धरतात आणि हिशेब कोसळतो. आणि तुमच्या घराला आधीच्या एखाद्या परवानगीत हे हक्क काढून घेणारी अट नाही ना, आणि जागा नॅशनल लँडस्केपमध्ये, म्हणजे निसर्गसौंदर्यासाठी राखलेल्या प्रदेशात, येत नाही ना, हे आधी तपासा. तिथे बाजूची वाढ आणि आठ मीटरची सवलत मिळत नाही.

हा २०७ कागदावरचा आहे, आणि कौन्सिल तो असाच मान्य करणार नाही. २०१७ साली टनब्रिज अँड मॉलिंग कौन्सिलच्या प्रकरणात कोर्ट ऑफ अपीलनं सांगितलं की फॉलबॅक धरायचा तर तो प्रत्यक्षात येण्याची खरी शक्यता असायला हवी. म्हणून नुसता दावा न करता त्याच आराखड्याचं लॉफुल डेव्हलपमेंट सर्टिफिकेट, म्हणजे हे बांधकाम कायदेशीर आहे असा कौन्सिलचा दाखला, काढा. त्याची फी नेहमीच्या अर्जाच्या निम्मी असते. ते हातात असलं की तुम्ही म्हणू शकता: नकार दिलात तर आम्ही हे बांधणार आहोत, हा त्याचा शिक्का, पण त्याऐवजी एकसंध, नीटस, उबदार घर बांधू द्याल तर शिवाराला ते जास्त शोभेल. इथे तुलना दोन इमारतींची आहे, आणि तुमची नवी इमारत त्यात खरोखर उजवी ठरायला हवी. मागे-बाजूला सपाट छपराची ठिगळं लावलेलं २०७ चौरस मीटरचं घर एका पारड्यात, आणि १८०-१९० चं आटोपशीर, त्याच विटेच्या रंगाचं घर दुसऱ्या पारड्यात. दुसरं मिळवता येईल असं मला वाटतं.

त्यात आढ्याची उंची फार महत्त्वाची. क्षेत्रफळ थोडं वाढलेलं रस्त्यावरून कळत नाही, पण आढं एक मीटर वर गेलं की ते सगळ्या दरीतून दिसतं. जुन्या आढ्याची उंची सर्वेअरकडून मोजून घ्या आणि नवं आढं शक्यतो त्याच पातळीवर ठेवा. तुळईला डोकं लागतं ही अडचण जमिनीची पातळी थोडी खाली घेऊन आणि पहिल्या मजल्याच्या काही खोल्या छपराच्या उतारात नेऊन सुटते. दरीकडे तोंड करून काचेची अख्खी भिंत मागू नका. अंधाऱ्या शिवारात रात्री तिचा उजेड मैलभर दिसतो, आणि अशा हरकती अधिकारी मनावर घेतात.

मागच्या शेतात, उंचावर घर न्यायचं विसरा. तुमच्या दोन एकरांपैकी राहत्या घराचं आवार बहुधा घर, अंगण आणि लगतची बाग एवढंच आहे; बाकी सगळी शेतजमीन. नवं घर आवाराच्या आतच हवं, असं आरए ३ सांगतं. शेताचा तुकडा बागेत ओढायलाही वापरबदलाची वेगळी परवानगी लागते. थोडं मागेपुढे सरकवायचं असेल, उदाहरणार्थ रस्त्यापासून लांब, आणि त्यामागे कारण असेल, तर ऐकून घेतात. देखावा हे कारण धरत नाहीत.

सासूबाईंसाठी तळमजल्यावर न्हाणीसह एक खोली, रुंद दरवाजे, पायरीविना प्रवेश, हे सगळं नव्या घराच्या आतच आखा. अंगणात वेगळी खोली बांधून त्यात त्यांना ठेवू, असा विचार मनात आला असेल तर थांबा. परवानगीशिवाय बांधता येणाऱ्या आउटबिल्डिंगमध्ये गॅरेज, अवजारं, अभ्यासिका चालते. कुणाची राहण्याची मुख्य जागा म्हणून ती बांधता येत नाही. वयस्कर आई-वडिलांची सोय हे कारण अर्जात जरूर लिहा, पण त्यानं फार वजन पडेल अशी आशा धरू नका. माणसं बदलतात, इमारत राहते, असा अधिकाऱ्यांचा विचार असतो.

वटवाघळं. तुम्ही पत्रात लिहिलेलं नाही, पण शंभर वर्षांचं विटांचं घर, जुनी कौलं, आजूबाजूला कुंपणाची झाडी, म्हणजे ती असण्याची शक्यता मोठी. ब्रिटनमधल्या सगळ्या जातींच्या वटवाघळांना कायद्याचं संरक्षण आहे. त्यांची जागा मोडली तर अमर्याद दंड आणि सहा महिन्यांपर्यंत तुरुंगवास होऊ शकतो; छप्पर उतरवू नका म्हणण्यामागे हेही एक कारण आहे. वेळापत्रकाची मेख इथेच आहे. पहिली पाहणी वर्षभरात कधीही होते: तज्ज्ञ माळ्यावर चढतो, बॅटरीच्या उजेडात तुळयांवर उंदराच्या लेंडीसारखी विष्ठा शोधतो, ती चिमटीत चुरून पाहतो. वटवाघळाची असेल तर तिची चमकदार पूड होते, कारण ती किड्यांच्या पंखांची असते. उंदराची कडक राहते. शंका आली तर पुढची पाहणी संध्याकाळी, वटवाघळं बाहेर पडताना करावी लागते, आणि ती मे ते सप्टेंबर याच काळात. ही पाहणी निर्णयाआधी हवी, ‘परवानगी द्या, मग करू’ असं कौन्सिल मान्य करत नाही. म्हणजे डिसेंबरात अर्ज टाकलात आणि माळ्यावर विष्ठा सापडली, तर मेपर्यंत तो अर्ज पडून राहील. पहिली पाहणी आत्ताच करून घ्या. वटवाघळं असली म्हणून घर होत नाही असं नाही. नव्या छपरात त्यांच्यासाठी जागा ठेवून, नॅचरल इंग्लंड या सरकारी निसर्गसंस्थेचा परवाना घेऊन कामं होतात. तो परवाना प्लॅनिंग मिळाल्यावरच मिळतो, एवढं वेळापत्रकात धरा.

दुसरी गोष्ट खास तुमच्या भागाची. लेमस्टरच्या आसपासचं पाणी लग नदीत उतरतं आणि लग पुढे वाय नदीला मिळते. या नद्यांमध्ये फॉस्फेट इतकं वाढलंय की २०१९ पासून लगच्या खोऱ्यात नव्या घरांच्या परवानग्या अडकून पडल्या. एका घराच्या जागी एकच घर असेल तर वस्ती वाढत नाही, म्हणून ही अडचण तुम्हाला सहसा सौम्य जाते. पण ते जुनं घर खरंच राहतं असेल तरच. पुन्हा तेच, बघा. शिवाय तुमची सेप्टिक टँक कुठे जाते ते शोधा. जुन्या घरांची टाकी कित्येकदा थेट ओढ्यात किंवा चरात सोडलेली असते, आणि १ जानेवारी २०२० पासून ते चालत नाही. नव्या घरासोबत चांगला ट्रीटमेंट प्लांट आणि जमिनीत मुरणारं पाणी दाखवलंत, तर नदीचं आजच्यापेक्षा भलंच होणार आहे. हा मुद्दा अर्जात ठळक लिहा. वाय आणि लगसाठी तळमळणारी पुष्कळ माणसं तिथे आहेत, पॅरिश कौन्सिलमध्ये, म्हणजे गावपातळीवरच्या कौन्सिलमध्येही असतील.

दोन गोष्टी अर्जाच्या विचाराआधीच तपासा. घर लिस्टेड, म्हणजे वारसा म्हणून संरक्षित यादीत, नाही ना, हे नॅशनल हेरिटेज लिस्टवर पाहा. असलं तर पाडण्याचा विषय जवळजवळ संपतो. लिस्टेड नसूनही गावाच्या दृष्टीनं जुनं, मोलाचं ठरू शकतं, म्हणून इंजिनियरचा अहवाल घ्या: ओल कुठून, भिंती कशा, दुरुस्ती का परवडत नाही. आणि कागदपत्रांत शेतीच्या कामाशी जोडलेली वास्तव्याची अट नाही ना, ते वकिलाला विचारा.

इथे माझं मत सांगते, तुम्ही विचारलं नसलंत तरी. इंजिनियरनं भिंती धड आहेत असं सांगितलं तर पाडण्याआधी वाढ करण्याचा विचार खरंच करा. सव्वाशे वर्षं त्या शिवारात उभं असलेलं घर सहज जाऊ देऊ नये, आणि खालची सासूबाईंची खोली त्या मागच्या वाढीत छान बसते. मात्र पैशाचा हिशेब उलटा पडतो हे मान्य करायला हवं. वाढीवर आणि दुरुस्तीवर २० टक्के व्हॅट लागतो. नवं घर बांधलं तर कंत्राटदाराच्या कामावर तो शून्य असतो, आणि स्वतः घेतलेल्या सामानावरचा व्हॅट घर पूर्ण झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत परत मागता येतो. अट एवढीच की जुनं घर जमिनीपर्यंत पूर्ण पाडलेलं हवं. आर्किटेक्टच्या फीवरचा व्हॅट परत मिळत नाही. करामुळे जुनी घरं पाडण्याकडे कल वाढतो, ही गोष्ट मला खटकते, पण निर्णय तुमच्या खिशाचा आहे.

नवंच बांधायचं ठरलं तर क्रम असा ठेवा. वटवाघळांची पाहणी, घराची मोजणी आणि इंजिनियर आधी. मग सर्टिफिकेट. मग आर्किटेक्टकडून साधी रेखाचित्रं घेऊन कौन्सिलकडे प्री-अ‍ॅप्लिकेशन सल्ला मागा. त्याची फी पडते आणि उत्तर बंधनकारक नसतं, तरी अधिकारी कुठे अडणार ते कळतं. त्याच सुमारास शेजाऱ्यांकडे जा, चहाला बोलवा, चित्रं दाखवा. अर्ज टाकल्यावर त्यांना २१ दिवस मिळतात, आणि नोटीस वाचून पहिल्यांदा कळलेला शेजारी रागावलेलाच असतो. देखावा अडतो किंवा किंमत उतरते या तक्रारी प्लॅनिंगमध्ये धरत नाहीत. खिडकीतून घरात डोकावणं, उजेड अडणं, रस्त्याची सुरक्षितता, हे धरतात. पॅरिश कौन्सिलचं मत बंधनकारक नसलं तरी वाचलं जातं.

मग पूर्ण अर्ज. घरमालकांच्या वाढीसाठी असतो तो साधा अर्ज इथे चालत नाही, एका नव्या घराचा ‘फुल’ अर्ज लागतो. एप्रिल २०२५ मध्ये त्याची फी ५८८ पौंड झाली, आणि ती दरवर्षी महागाईप्रमाणे सुधारतात. निर्णयाची मुदत आठ आठवडे; कौन्सिल पुष्कळदा वाढवून मागते, आणि बोलणी चालू असतील तर वाढवून द्यावी. मंजुरीपत्र आलं की त्यावरच्या अटी पेन घेऊन वाचा. काम ‘सुरू करण्यापूर्वी’ पुऱ्या करायच्या अटी राहून गेल्या तर परवानगीच धोक्यात येते. वाढीव आकाराच्या बदल्यात पुढचे परमिटेड डेव्हलपमेंटचे हक्क काढून घेणारी अट बहुधा असेल, तेव्हा लागेल ते सगळं याच आराखड्यात बसवा. काम तीन वर्षांत सुरू व्हायला हवं. त्या अटी पुऱ्या झाल्या, लागत असेल तर वटवाघळांचा परवाना आला, बँकेचं पत्र हातात पडलं, की मग बिल्डरला छपरावर चढू द्या.

आणि नकार आला तर लगेच अपीलकडे धावू नका. अपीलला फी नाही आणि सहा महिन्यांची मुदत असते, पण निकाल यायला महिनोन्‌महिने जातात आणि अपील ऐकणारा इन्स्पेक्टर आराखडा तुमच्यासाठी सुधारून देत नाही. नकाराच्या पत्रात कारणं क्रमांक घालून दिलेली असतात. ती घेऊन अधिकाऱ्याला फोन करा आणि सरळ विचारा, आढं अर्धा मीटर खाली घेतलं, बाजूचा भाग एकमजली केला, तर चालेल का? उत्तर होकाराकडे झुकतंय असं वाटलं तर सुधारून नवा अर्ज टाका. अपीलची मुदत तोवर चालूच असते, ती तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवा.